गळपट्टा, हार्नेस आणि बंद मूठ

बंड्याला गळपट्टाच ठेवायचा की हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे) घ्यायचा, हे ठरवायला दहा मिनिटं पुरली असती. मला दोन महिने लागले, पैसे गेले ते वेगळेच, आणि कुत्रा एकदा भर रस्त्यात हातून निसटला. कुत्रा नवीन असलेल्यांनी हे जरूर वाचा.

सुरुवात झाली खोकल्यापासून. फिरायला निघालं की बंड्या गाडीला जुंपल्यासारखा ओढायचा आणि घशातून खर्र खर्र आवाज काढायचा. माझा जीव वरखाली. नेमकी त्याच दिवसांत मोबाईलवर एक जाहिरात सारखी दिसायला लागली: गळपट्टा तुमच्या कुत्र्याची श्वासनलिका चेपतोय! त्याखाली त्यांचा हार्नेस, 'पहिल्याच दिवशी ओढणं बंद', 'डॉक्टरांनी सुचवलेला'. कोणत्या डॉक्टरांनी, ते लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

गंमत अशी की जाहिरातीतली भीती खोटी नव्हती, म्हणूनच मी गंडलो. ओढणाऱ्या कुत्र्याच्या श्वासनलिकेवर गळपट्ट्याचा दाब येतोच. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींत ती नळी मुळातच कमकुवत असू शकते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास आधीपासूनच असतो. २००६ साली २६ कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गळपट्ट्याला ताण दिला की डोळ्यांतला दाबही वाढतो, हार्नेसला दिला तर तसा वाढत नाही, असं त्यात दिसलं. भीती खरी होती, तिच्या आडून खपवलेला माल तकलादू होता.

मी तो हार्नेस मागवला. मापासाठी विकणाऱ्यांनी फक्त वजन विचारलं. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. एकाच वजनाचं एक कुत्रं ठेंगणं-रुंद असतं, दुसरं सडपातळ. माप घ्यायचं ते पुढच्या पायांच्या जरा मागे, छातीच्या सगळ्यात रुंद भागाभोवती आणि मानेच्या बुडाशी. आलेला हार्नेस बगलेत काचत होता आणि मानेशी ढिला होता. छातीवरचा आडवा पट्टा थेट खांद्यावर यायचा, त्यामुळे पाऊल टाकताना पाय अडायचा. दोरी अडकवायची कडी फक्त पाठीवर. बर्फात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात, तो काय त्यांनी ओढू नये म्हणून? बंड्याने पहिल्याच दिवशी दुप्पट जोर लावला.

मी कळवलं, तर उत्तर आलं, "सर, सवय होऊ द्या. आठवडाभर वापरा." परतीची मुदत सात दिवसांचीच होती, हे माझ्या आठव्या दिवशी लक्षात आलं.

मग तो प्रसंग. समोरून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. बंड्या दचकला, मान खाली घालून मागे सरकला आणि स्वेटर काढावा तसा हार्नेस डोक्यावरून निघाला. माझ्या हातात दोरी, तिच्या टोकाला रिकामा हार्नेस. शेजारच्या काकांनी पटकन गेट उघडून त्याला आत घेतलं, म्हणून वाचला.

आईचं अर्धं आयुष्य शिलाई मशीनवर गेलंय. तिने हार्नेस उलटा करून पाहिला. "अरे, एकच टीप मारलीय, तीही लांब टाक्याची. पिशवीच्या बंदालासुद्धा मी चौकोन मारून आत फुली घालते." मग मी कडी निरखली. सांध्याला वेल्डिंग नाही, तार वाकवून दोन टोकं नुसती जवळ आणलेली, वर चकचकीत मुलामा. पकडीने धरून जरा पिळली तर फाकली.

पैसे परत मागितले तर म्हणे वापरलेला माल घेत नाही. अहो, कुत्र्याला घातल्याशिवाय बसतो की नाही ते कळणार कसं? बराच वाद घातल्यावर त्यांनी एक लिंक पाठवली. त्यात कार्डाचा नंबर आणि ओटीपी मागितला होता. पैसे देणाऱ्याला माझा ओटीपी कशाला हवा? तिथे मात्र थांबलो.

रात्री जाहिरातीतला व्हिडिओ पुन्हा पाहिला. हार्नेस घातल्या'नंतर'च्या भागात कुत्रा शहाण्यासारखा चालतोय, दोरी सैल, आणि माणसाची डावी मूठ त्याच्या नाकाशी बंद. मुठीत खाऊ असणार, कुत्र्याची नजर तिथून हलतच नाही. खाली तीन वेगवेगळ्या नावांच्या अभिप्रायांत फोटो मात्र एकाच कुत्र्याचे, एकाच गालिच्यावरचे.

डॉक्टरांनी बंड्याचा घसा तपासला, ठीक आहे. आता इंग्रजी वाय अक्षरासारखा पुढून येणारा, छातीवरही कडी असलेला हार्नेस आहे, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच घट्ट. घरी आलो की काढून ठेवतो. गळपट्टाही आहे, पण नाव-नंबरच्या बिल्ल्यापुरता, त्याला दोरी लावत नाही. न ओढणाऱ्या कुत्र्याला साधा रुंद गळपट्टा चालतो, हार्नेसचा हट्ट नको. ओढणं कमी झालं ते दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं, या कंटाळवाण्या सरावाने. अजूनही मांजर दिसलं की सगळं विसरतो.

ती जाहिरात परवा पुन्हा दिसली. पेजचं नाव नवं, हार्नेस निळ्याचा लाल झालाय, मूठ तीच.