शेडची फ्रेम: आयएसएमबी, पीईबी का पाइपचा ट्रस?

एमआयडीसीत २० मीटर स्पॅनची (खांबांमधल्या अंतराची) शेड टाकायची म्हटलं की तीन प्रकारची कोटेशनं येतात, आयएसएमबी (कारखान्यातून तयार येणारा 'आय' आकाराचा बीम), पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, म्हणजे प्लेटा वेल्ड करून हव्या त्या मापाची बनवलेली फ्रेम) आणि पाइपचा ट्रस (पाइप त्रिकोणात जोडलेली कैची), आणि सगळे किलोचा रेट सांगतात. रेट नंतर बघा, आधी वजन कुठे जातंय ते बघा, कारण किलोवर पैसे घेणाऱ्याला फ्रेम हलकी करून काय मिळणार?

आयएसएमबी ४००, म्हणजे ४०० एमएम उंचीचा बीम, मीटरला ६१.५ किलो. कॉलम-राफ्टरच्या (खांब आणि छताचा तिरका बीम) कोपऱ्यात मोमेंट (वाकवणारा जोर) सगळ्यात जास्त, तिथल्यासाठी निवडलेला सेक्शन (बीमचं माप) मग अख्ख्या राफ्टरला जातो, गरज नाही तिथेपण तेवढंच लोखंड. आता ५०० बाय ५ एमएमची वेब (मधली उभी प्लेट) आणि १५० बाय १० च्या दोन फ्लँज (वरची-खालची आडवी प्लेट) वेल्ड करा, वजन मीटरला ४३ किलो! मोमेंट ऑफ इनर्शिया (वाकायला होणारा विरोध) उलट जास्त भरतो, सेक्शन मॉड्युलस (मोमेंट पेलायची ताकद) जेमतेम ७ टक्के कमी, तो ई३५० (साध्या ई२५० पेक्षा जास्त ताकदीच्या ग्रेडची) प्लेट घेतली की भरून निघतो. वर मोमेंट उतरेल तशी वेबची उंचीपण उतरवायची, पीईबीची खरी बचत ही.

पण हाव नको. ई३५० ची तीच वेब ४ एमएम केली की आयएस ८०० (स्टील डिझाइनचा भारतीय कोड) प्रमाणे सेक्शन स्लेंडर होतो, म्हणजे इतका पातळ की पूर्ण ताकद यायच्या आधी प्लेटच फुगते. खालच्या फ्लँजला फ्लाय ब्रेसिंग (ती बाजूला कलू नये म्हणून तिरका आधार) लागतंच, साइटवर बरेचदा तेच गाळतात, तिथे मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. आणि स्टील ई२५० असो का ई३५०, ई-व्हॅल्यू (स्टीलचा ताठपणा) तीच, त्यामुळे डिफ्लेक्शन (बीम किती झुकतो) गव्हर्न करत असेल तर भारी ग्रेडचा फायदा शून्य. शेड हलकी तेवढं वाऱ्याचं अपलिफ्टही (छत वर उचलणारा जोर) जड जातं, पुण्याला बेसिक विंड स्पीड सेकंदाला ३९ मीटर धरतात आणि मुंबईला ४४, प्रेशर वेगाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढतं म्हणजे मुंबईत सव्वापटीच्या वर, तेव्हा अँकर बोल्ट आणि फूटिंगचा खर्च धरूनच तुलना करा.

पाइपचा ट्रस मोठ्या स्पॅनला वजनात बहुतेक जिंकतो, गावातला फॅब्रिकेटरही करून देतो, पण जॉइंट खूप, वेल्डिंगची मजुरी खूप आणि आतली उंची जाते.

माझं मत, १०-१२ मीटरला आयएसएमबी किंवा ट्रस, उगाच पीईबीच्या मागे लागू नका. २० ते ३० मीटरला, क्रेन नसेल तर पीईबीच, मात्र रेट लमसम घ्या. पुढे सोलर किंवा होइस्ट लावायचा विचार असेल तर तो लोड आत्ताच डिझाइनमध्ये धरायला सांगा, टाइट डिझाइन केलेल्या फ्रेमवर नंतर काही टांगायला जागा उरत नाही.