मेनूलिब्रे : बाबांच्या लॅपटॉपचा मेनू एकदाचा साफ झाला

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून मेनूत नुसती इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीसारखी गर्दी, त्यांना लागतं फक्त ब्राउझर न् पत्ते, आणि दर रविवारी पोहे खाताना मला ऐकवणार, "अरे हे वाइन-वाइन काय लिहिलंय, घरात चालणार नाही हं!" आता वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर, मी कधीच काढून टाकलेलं, पण त्याचे लाँचर (मेनूत दिसणाऱ्या नोंदींच्या फाइली) होम फोल्डरमधे .लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्समधे बसतात ना, पॅकेज काढलं तरी ते तिथेच.

आधी मी शहाणपणा करून सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून सिस्टिमच्या यूएसआर/शेअर/अॅप्लिकेशन्स फोल्डरमधल्या नको त्या डेस्कटॉप फाइली, म्हणजे लाँचरच, सरळ उडवल्या. पुढच्या अपडेटला निम्म्या परत हजर 😅

मग मेनूलिब्रे टाकलं, मेनूतल्या नोंदी बदलायचं अॅप. फुकट आहे, उबंटू या लिनक्सच्या रेपॉझिटरीतच (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) मिळतं. डावीकडे सगळा मेनू, नको ते निवडा, 'हाइड फ्रॉम मेनूज' चालू करा, सेव्ह, बास. आतून ते फाइलची कॉपी तुमच्या होममधे करून त्यात नोडिस्प्ले=ट्रू (म्हणजे 'मेनूत दाखवू नको') लिहितं, सिस्टिमची मूळ फाइल तशीच राहते आणि त्याच नावाची होममधली आधी वाचली जाते म्हणून अपडेट आलं तरी लपवलेलं लपलेलंच. प्रोग्राम मात्र डिस्कवर राहतोच हां, जागा मोकळी करायची तर अनइन्स्टॉलच करा.

एकच कुरकुर, एकदम दहा-बारा लपवायची सोय मला काही सापडली नाही, एकेक करत बसलो, चहा गार झाला. पाचापैकी चार.

बाबा आता विचारतायत पत्ते कुठे गेले. चुकून तेही लपवले भिया.