डिचोली-सत्तरीतील घरपोच पशुप्रसूती सेवा : एक अभिप्राय

आमची पहिलारू जर्सी संकरित गाय यंदा विताना अडली, तेव्हा रात्रीच्या वेळी गोठ्यावर येणाऱ्या एका खासगी पशुवैद्यकांना आम्ही बोलावले. आपल्या गोव्याची श्वेतकपिला सहसा कोणाच्या मदतीवाचून विते; मात्र लहान चणीच्या गाईला मोठ्या जातीचे रेतन केले, की वासरू थोराड होऊन अडचण उभी राहते.

डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत हात धुऊन आत तपासणी केली आणि वासराच्या खुरांमधल्या बेचक्यात चिमटा घेतला. वासराने पाय आखडून घेतल्यावर ते जिवंत असल्याचे त्यांनी सांगितले आणि दोर धरून सज्ज असलेल्या आमच्या घरच्या मंडळींना आधी मागे सारले. चार-पाच जणांनी मिळून खेचण्याची जी पद्धत गावोगाव दिसते, तिने वासराच्या बरगड्या मोडू शकतात किंवा मागील पायांच्या नसांना इजा होऊ शकते. त्यांनी स्वतः भरपूर वंगण लावून, कळ आली की एकदा एक पाय, मग दुसरा, असे ओढले, जेणेकरून दोन्ही खांदे एकाच वेळी अडकू नयेत. कळ ओसरली की हात सैल. दोन माणसांच्या ताकदीने वासरू पुढे सरकले नाही, तर गाईला उभ्यानेच डाव्या कुशीत भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. ती वेळ आली नाही. पण तासन्‌तास ओढाताण करण्यापेक्षा वेळीच केलेली शस्त्रक्रिया वासराला अधिक मानवते, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल प्रसूतीनंतरच्या कामात आहे. अडलेल्या वासराला प्राणवायू कमी पडून त्याच्या रक्तातील आम्लता वाढते, त्यामुळे ते मलूल राहते, उशिरा उभे राहते आणि चीक ओढत नाही. गाईच्या वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून) रोगप्रतिकारक घटक वासराला मिळत नसल्याने ते चिकातूनच मिळवावे लागतात, आणि ते शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत सुमारे 24 तासांत संपते. डॉक्टरांनी वासराला उलटे टांगू दिले नाही, छातीवर बसवले, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, गोणपाटाने खसखसून पुसले, नाळेला आयोडीन लावले आणि पंचवीसेक किलोच्या त्या पाडीला पहिल्या सहा तासांत अडीच लिटर चीक बाटलीने पाजण्यास बजावले. (खरवसाची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली, याला इलाज नाही.)

उणिवा दोन. शस्त्रक्रियेचा खर्च किती येईल, हे विचारूनही स्पष्ट कळले नाही. दुसऱ्या दिवशी पाडीची चौकशी केवळ दूरध्वनीवर झाली. ओढून काढलेल्या वासराची प्रत्यक्ष तपासणी त्याच शुल्कात व्हायला हवी, कारण न्यूमोनिया किंवा हगवण यांची सुरुवात फोनवर ओळखता येत नाही. शुल्क सरकारी दवाखान्याच्या तुलनेत बरेच जास्त आहे. तरीही पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसून दोन तास उलटले, गाय जोर करते आहे आणि वासरू तिथेच आहे, अशा रात्री मी याच डॉक्टरांना बोलावीन, फक्त दुसऱ्या दिवशीची भेट आधी ठरवून घेईन.