थर्मोकोलचे कप की थर्मास? उदासिनीकरणाची उष्णता मोजणाऱ्यांसाठी

आम्ल आणि आम्लारी मिसळल्यावर सुटणारी उष्णता (उदासिनीकरणाची उष्णता) मोजायला तांब्याचा कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचे भांडे, मी या तुलनेत धरलेला नाही. आम्लाशी गाठ असताना धातूचे भांडे नको, एवढे कारण पुरे. मग उरतात दोन पर्याय: एकात एक बसवलेले थर्मोकोलचे दोन कप, नाहीतर काचेचा थर्मास. मी दोन्ही वापरले आहेत.

उष्णता धरून ठेवण्यात थर्मास सरस, यात वाद नाही. अडचण निराळीच आहे. द्रावणाबरोबर आतली काचही तापते आणि अभिक्रियेतली काही उष्णता तिथेच खर्ची पडते. ती किती, हे कळायला आधी गरम आणि गार पाणी मिसळून भांड्याची उष्माधारकता (ते एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) काढावी लागते. एवढ्यावर भागले असते तर माझी तक्रार नव्हती. पण द्रावण किती उंचीपर्यंत भरले यावर किती काच तापणार हे ठरते. 100 मिलीसाठी काढलेला आकडा 200 मिलीला चालत नाही. आकारमान बदलले की पुन्हा मिसळणे, पुन्हा गणित. शिवाय काच सावकाश तापते, त्यामुळे तापमान वर जाऊन थोडे उतरते आणि नेमके कोणते वाचन धरायचे, हे कळेनासे होते. या कटकटीपायीच मी कपांकडे वळलो.

कप जेमतेम काही ग्रॅमचे, त्यांची स्वतःची उष्माधारकता सोडून दिली तरी चालते. 1 मोलर (लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढ्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी 50 मिली घेतले आणि उदासिनीकरणाची उष्णता मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल धरली, तर तापमान 6.8 अंश सेल्सिअसने वाढायला हवे. माझ्या कपांत ते बहुधा साडेसहाच्या आसपास जाते.

कपांतून उष्णता निसटते, हे खरे. पण ती गळती आलेखात उघड दिसते. दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवायचे आणि उतरती रेघ मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे न्यायची. जस्ताची पूड आणि कॉपर सल्फेट यांच्या जरा रेंगाळणाऱ्या अभिक्रियेलाही हे पुरते. काचेने गिळलेली उष्णता मात्र आलेखात अशी वेगळी काढता येत नाही.

अर्धा-पाऊण तास चालणारी अभिक्रिया असेल, तर थर्मासच घ्यावा असे मला वाटते. ॲसिटोनसारखा द्रावक असेल तर प्रश्नच नाही, तो थर्मोकोल विरघळवतो. बाकी कामांना कप घ्या. हलके असल्याने ते तापमापीच्या वजनाने कलंडतात, म्हणून बीकरमध्ये उभे करा आणि झाकणाला भोक तापमापीपुरतेच पाडा.