जुनी जेट बोट, आठ महिने: दोष स्टार्टरचा नव्हता

गेल्या ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये घेतलेल्या, व्ही-८ पेट्रोल इंजिनाच्या या जुन्या बोटीला आता आठ महिने झाले. वायमाकरिरी नदीच्या घोटाभर पाण्यावरून ती कशी पळते हे नव्याने सांगायला नको. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात कँटरबरीच्या अशाच उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी जेट बोट विकसित केली होती. माझी तक्रार पळण्याबद्दल नसून सुरू होण्याबद्दल आहे.

सकाळी घरी, ट्रेलरवर, ती पहिल्याच सेल्फला सुरू होत असे. (काही सेकंदांतच बंद करावी लागे, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी जेट युनिटकडूनच, म्हणजे नदीचे पाणी आत ओढून मागे जोराने फेकणाऱ्या पंपाकडूनच येते.) नदीवर मात्र तासभर फिरून चहासाठी थांबलो की तेच इंजिन कण्हत अर्धा फेरा घेई आणि नुसते ‘खट्’ करून गप्प बसे. या बोटींत इंजिन आणि इम्पेलर (जेट युनिटमधले पाणी ढकलणारे फिरते पाते) यांच्यामध्ये गिअरबॉक्स नसतो, त्यामुळे इम्पेलरच्या कडेला एखादा खडा अडकला तरी इंजिन जागीच जखडते. म्हणून आधी किल्ली काढून, तपासणीचे झाकण उघडून हात घातला; खडा नव्हता. इम्पेलर पाणी ढवळतो म्हणून स्टार्टरवर ताण येत असावा, हा माझा पुढचा तर्कही चुकीचा होता, कारण सेल्फच्या इतक्या मंद फेऱ्यांना पाण्याचा विरोध नगण्य असतो.

डिसेंबरात नवी बॅटरी घेतली. जानेवारीत एका वर्कशॉपने स्टार्टर गेल्याचे सांगून ६४० डॉलरला नवा बसवला आणि तासाभराच्या तपासणीचे १६५ डॉलर वेगळे लावले. त्या वेळी मी मित्रांना लिहून कळवले होते की इतकी जुनी बोट कोणी घेऊ नये. ते मत मी आता मागे घेतो.

फेब्रुवारीत बोट पुन्हा अडली, तेव्हा शेजारच्या बोटीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी जंपर केबल आणली. त्यांनी आधी इंजिनाच्या कप्प्यातला पंखा काही मिनिटे चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढायला लावली आणि काळा चिमटा बॅटरीला न लावता थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावला. इंजिन झटक्यात सुरू झाले. याआधी दोनदा मी तोच चिमटा बॅटरीला लावला होता आणि काहीही फरक पडला नव्हता.

घरी आल्यावर वीस डॉलरचा मल्टिमीटर काढला. इग्निशन तोडून, पत्नीला सेल्फ मारायला सांगून मोजले: बॅटरीवर १०.८ व्होल्ट, स्टार्टरवर फक्त ८.४. मग एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (चिमट्यावर नव्हे, खुंटीवरच) आणि दुसरे ब्लॉकवर ठेवले, तर जिथे पाव व्होल्टही दिसायला नको तिथे २.१ व्होल्ट दिसले. अर्थची केबल, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिनाच्या ब्लॉकला जोडणारी केबल, वरून काळी कुळकुळीत आणि धडधाकट होती. पण लगजवळचे (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचे) रबर चाकूने सोलले तेव्हा आतली तांब्याची तार हिरव्या भुकटीत मिसळलेली निघाली, आणि बोटांनी वाकवताच तिचे अर्धे धागे तुटून हातात आले. इंजिन तापले की हा जोडही तापत असे आणि उरलासुरला प्रवाह तिथेच अडत असे.

कलई केलेल्या तांब्याची नवी केबल, दोन लग आणि उष्णतेने आकसणारी नळी असे मिळून ३८ डॉलर झाले. त्यानंतर मेअखेरपर्यंत ती एकदाही अडली नाही. बोटीला मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा गुण कापला तो ती केबल टाकीमागे, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी नेणाऱ्याचा.

वर्कशॉपने पैसे परत करण्यास नकार दिला. बसवलेला भाग परत घेता येत नाही, एवढेच त्यांचे उत्तर. निदान माझा जुना स्टार्टर तरी द्या म्हणून हटून बसलो आणि घेऊन आलो. गॅरेजमध्ये शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आवळून बॅटरीला थेट जोडला, तर तो पहिल्याच स्पर्शाला भर्रकन फिरला.