चिंचिला माणसाळवताना: रोज उचलायचं की वाट पाहायची?

चिंचिला, म्हणजे दाट मऊ केसांचा, उंदीर-खारीच्या जातकुळीतला छोटा पाळीव प्राणी, घरी आला की आठवड्याभरात घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, रोज हातात घेत राहा, होते सवय. दुसऱ्याचं, त्याच्या मनानं येऊ द्या. आमच्या कोथरूडच्या घरात पहिला पक्ष माझा, दुसरा बायकोचा. निकाल तिच्या बाजूनं लागला, तोही माझ्याच हातून.

रोज उचलण्याचा मार्ग झटपट वाटतो. आठ-दहा दिवसांत प्राणी हातात गप्प बसायला लागतो आणि आपण खूश. पण गप्प बसला म्हणजे रुळला असं नाही. अँडीज पर्वतातल्या या जनावराला वरून झेपावणाऱ्या पक्ष्यांची भीती उपजतच आहे. पिंजऱ्यात वरून शिरणारा हात त्याला तसलाच वाटतो. घाबरला की एक तर थिजतो, नाही तर निसटतो. आमचा निसटला. मी मागून धरायला गेलो, मुठीत करड्या केसांचा पुंजका राहिला आणि हा कपाटामागे. शिकाऱ्याच्या तावडीत केस सोडून पळायची ही त्याची युक्ती. एकेका रोमछिद्रातून पन्नासहून जास्त केस येतात त्याला, तरी तो डाग भरायला काही महिने लागले. तोवर येणारा-जाणारा विचारायचा, ‘याला काय झालं हो?’ शिवाय बरगड्या नाजूक असतात, आवळलं तर इजा होते. मादी चिडली तर मुताची पिचकारी मारते, आणि नेम चुकत नाही.

वाट पाहण्याच्या मार्गात करायचं फारसं काही नसतं, तेच अवघड जातं. खोलीचं दार लावायचं, वायरी उचलून ठेवायच्या आणि जमिनीवर बसून आपलं वाचत बसायचं. आधी तो लांबून पळतो, मग मांडीवरून उडी मारून जातो, मग एक दिवस खांद्यावर चढतो. तळहात पालथा नाही, उताणा ठेवायचा. त्यावर ओट्सचा एखादा दाणा किंवा कुंडीतल्या, फवारणी न केलेल्या गुलाबाची सुकी पाकळी. मंडईतला गुलाब नको. बेदाणे तर नकोतच, साखर फार असते. बोट हलकेच कुरतडलं तर तो चावत नाहीये, तपासतोय. हात झटकू नका. हनुवटीखाली खाजवू दिलं की निम्मं काम झालं. मग एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून अंगाशी धरायचं, तेही जमिनीवर बसूनच. याला कधी काही आठवडे, कधी सहा महिने. काही चिंचिला कायम खांद्यावर बसतात, पण हातात कधीच राहत नाहीत. ते तुम्हाला चालणार असेल तरच हा प्राणी आणा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला कुशीत घ्यायला काहीतरी हवं असेल, तर गिनीपिग बरा.

वेळेचं गणित मात्र नोकरदारांच्या सोयीचं आहे. चिंचिला तिन्हीसांजेनंतर जागा होतो. हिंजवडीहून रात्री आठला दमून आलेल्या माणसाला तो ताजातवाना भेटतो. शाळेतून दुपारी आलेल्या मुलाला झोपलेला. झोपेतून उठवून हाताळलं तर दोन्ही मार्ग वाया.

पुण्याचा उन्हाळा दोन्ही पक्षांना सारखाच नडतो. पंचवीस अंशांच्या वर त्याला उष्माघाताचा धोका, म्हणून एसी ही चैन नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्या अंगाची ऊबही त्याला जड जाते, तेव्हा पाच मिनिटं पुरे. कान लालभडक, गरम दिसले तर लगेच खाली सोडा. आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाते, त्याची आधीच तजवीज ठेवा.

उचलण्याच्या पक्षाचा एक मुद्दा मात्र मला अजून पटतो. दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे ते दाखवायला डॉक्टरांकडे न्यावंच लागतं. दर आठवड्याला वजनही बघायला हवं, कारण खाणं कमी झाल्याचं आधी तिथेच कळतं. बायकोनं यावर उपाय काढला. त्याला बारीक भुकटीत लोळायला आवडतं (बांधकामाची वाळू किंवा टाल्कम चालत नाही), ती भुकटी ती एका झाकणाच्या डब्यात घालते. तो आपणहून आत शिरतो, ती अलगद झाकण लावते आणि डबा थेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर. डबा आणि भुकटी वजा जाता गेल्या रविवारी ५४० ग्रॅम भरला.