शटल बदलून आलेलं सिंगर 15के: पावसाळा ते उन्हाळा, पायाचं मशीन घरीच राखताना

दुरुस्तीला दिलेलं मशीन घरी आलं, त्याच संध्याकाळी परकराला टीप मारायला बसले, तर दोरा पिंजून तुटायला लागला. मशीन जड चालतं एवढीच आमची तक्रार होती, दोरा कधीच तुटत नव्हता. सुई बदलली, रीळ बदललं. शेवटी डावीकडची सरकती प्लेट ओढून बॉबिन केस काढली, कडी सोडवून शटल (सुईखाली मागेपुढे फिरून वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग) हातात घेतलं, आणि ते आमचं नव्हतंच. आमच्या शटलचं टोक सत्तर वर्षं दोरा वाहून लखलखीत झालेलं आहे. हे करड्या रंगाचं, आणि टोकावर नख फिरवलं की नख अडकत होतं. दोरा नेमका तिथेच फाटत होता.

दुसऱ्या दिवशी शटल रुमालात बांधून दुकानात गेले. "ताई, जुनं झिजलं होतं, चांगलं नवं टाकून दिलंय," हे पहिलं उत्तर. जुनं परत द्या म्हटलं, तर टाकून दिलं म्हणाले. फोनमधला फोटो दाखवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं आतल्या पत्र्याच्या डब्यातून आमचं शटल निघालं. टाकून दिलेली वस्तू इतक्या नीट पुसून डब्यात कोण ठेवतं? जुन्या सिंगरच्या सुट्या भागांना किंमत आहे हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. मी फक्त मजुरी दिली, शटलचे पैसे दिले नाहीत, आणि त्या दिवसापासून हे मशीन कुणाच्या हातात दिलेलं नाही. पुढचं सगळं घरी करून पाहिलेलं आहे.

तुम्हाला दुकानात द्यावंच लागलं, तर आधी शटल, बॉबिन केस, टेन्शनच्या चकत्या (वरचा दोरा ताणून धरतात त्या) आणि सरकती प्लेट यांचे जवळून फोटो काढा. अस्सल सिंगरच्या कितीतरी भागांवर बारीक अक्षरांत सिमॅन्को असं कोरलेलं असतं, ते फोटोत दिसू द्या. बदललेला भाग परत मिळेल, असं पावतीवर लिहून घ्या.

आमचं मशीन सासूबाईंच्या आईचं. नंबर ईजी या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे 1949-50च्या सुमाराचं. 15के मधला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो 1980 साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगर आहे. आम्ही चिपळूणचे. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा बिजागऱ्यांचे दोन स्क्रू ढिले करून वरचं मशीन उचलून माळ्यावर नेता आलं. लोखंडी स्टँड खालीच राहिलं आणि चिखलात बुडालं. त्यानंतर ते तसंच पडून होतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ते वापरात आणलं.

जड चालणाऱ्या मशीनचं निदान करायची एक सोपी रीत आहे आणि ती कुणी सांगत नाही. वादी, म्हणजे खालच्या मोठ्या चाकावरून वरचं चाक फिरवणारा पट्टा, चाकावरून उतरवा. आता वरचं चाक हातानं फिरवा, मग पायटा (पायानं हलवायची खालची लोखंडी फळी) नुसता हलवून बघा. चाक जड असेल तर दोष वरच्या मशीनमध्ये, पायटा जड असेल तर स्टँडमध्ये. दोन्ही हलकी असतील तर वादी. आमच्याकडे तिन्हींत दोष होता.

वरच्या मशीनमध्ये सापडलं खोबरेल. कोकणातल्या जुन्या मशीनवाल्यांनी हे आवर्जून वाचावं. घरात हाताशी असतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच घातलं गेलं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. सासूबाई सांगायच्या, हे मशीन थंडीत सकाळी हट्ट करतं आणि दुपारी उन्हं आली की शहाण्यासारखं चालतं. तो हट्ट म्हणजे थिजलेलं तेल. त्यावर धुळीचा थर बसून पिवळं किटण होतं आणि मग ते उन्हाळ्यातही सुटत नाही. मशीन मागे आडवं करून खालच्या सगळ्या सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडले, चाक फिरवलं, काळं पाणी पुसलं, पुन्हा थेंब. केस वाळवायच्या ड्रायरनं सांधे कोमट केले तर किटण लवकर सुटतं (रॉकेल घालण्याआधी, नंतर नव्हे). सगळं स्वच्छ झाल्यावर शिलाई मशीनचं पातळ तेल, प्रत्येक भोकात थेंबभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा किटण वर येतं, पुन्हा पुसायचं. आठवडाभर हे चाललं आणि मग चाक एका बोटानं फिरायला लागलं. त्या क्षणी झालेला आनंद मी लपवणार नाही.

बाहेरून पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. सिंगरच्या काळ्या रंगावर, सोनेरी नक्षीच्या वर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. एकदा पांढरा पडला की गेला. मशीनच्याच तेलात भिजवलेलं मऊ सुती फडकं पुरतं.

आता वादी. मी जे काही लिहिणार आहे त्यातलं सर्वांत मोठं दुखणं हेच. चामड्याची गोल, साधारण पाच मिलिमीटर जाडीची, सहा फूट लांबीची मिळते. लांबी मापून कापायची, दाभणानं टोकांना भोकं पाडायची, तारेची क्लिप ओवून पक्कडीनं दाबायची. काम दहा मिनिटांचं. पण कोकणातल्या पावसात चामडं दमट होऊन ताणतं. जुलैमध्ये खालचं मोठं चाक फिरतंय आणि वरचं उभं, अशी गत. साध्या सुती कापडावर कळत नाही, पण जीन्सच्या घडीवर किंवा पिशवीच्या बंदावर सुई अर्ध्यात थांबते. लोक वादीला राळ चोळायला सांगतात. तिची पूड चाकाच्या खाचेत बसून चिकट गोळे होतात, मी दोनदा खरवडून काढलेत. उपाय एकच, क्लिप काढून बोटाच्या पेरापेक्षाही कमी तुकडा कापायचा आणि परत जोडायची. क्लिपची टोकं आत नीट दाबली नाहीत, तर दर फेरीला वरच्या चाकाच्या खाचेत टक्‌ असा आवाज येतो. मला तो आवाज सहन होत नाही. ज्यांना होतो त्यांनीही दाबून घ्या, कारण तेच टोक पुढे खाच ओरखडतं.

ऑगस्टमध्ये वैतागून प्लॅस्टिकचा पारदर्शक पट्टा आणला. त्याला दमटपणाचं काही वाटत नाही, टक्‌टक्‌ नाही, पकड घट्ट. गणपतीच्या मखराचे सगळे पडदे त्याच्यावर शिवले आणि ओळखीच्या तिघींना तोच घ्यायला सांगितलं.

हे मत मार्चमध्ये बदललं. उकाडा सुरू झाला तसा तो पट्टा सैल पडत गेला, आणि तो पोकळ असल्यामुळे जोडाची धातूची नळी निसटायला लागली. कापून परत जोडला तरी आठवड्यात तेच. शिवाय तो रबरासारखा ओढून बसतो, त्यामुळे पायटा सोडल्यावर मशीन हलकेच पुढे जाऊन थांबत नाही, झटका देऊन थांबतं. चामड्याच्या वादीवर पायानं एक एक टाका मोजून घेता येतो. गळ्याच्या गोलाईवर मला तोच हवा असतो. म्हणून आता दोन चामड्याच्या वाद्या ठेवल्या आहेत, एक पावसाळी आखूड आणि एक बाकीच्या दिवसांची. कारण आखूड केलेली वादी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ताठ होते आणि चाकाच्या आसावर उगाच ताण देते. दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत आल्या. दुकानानं नुसत्या त्या शटलचे, जे नको होतं त्याचे, याच्या चौपट मागितले होते. मशीन वापरात नसताना वादी चाकावरून उतरवून ठेवा, ताणत नाही.

स्टँडचं फारसं सांगायला नको. पायट्याच्या दोन बाजूंना टोकदार स्क्रू असतात, त्यावर तो झुलतो. पुराच्या चिखलानं दोन्ही गंजले होते. तेल पाजून दोन दिवस ठेवले, मग पान्यानं सोडवले, पॉलिश पेपरनं घासले. परत आवळताना पायटा खडखडणार नाही आणि अडकणारही नाही, एवढंच आवळायचं आणि मग बाहेरचा नट घट्ट करायचा.

चाक फिरतंय आणि सुई हलत नाही, किंवा उलट, बॉबिन भरायला वरच्या चाकाच्या मधला गोल नॉब सैल केला तरी सुई चालूच राहते, या दोन्ही तक्रारी घेऊन लोक दुकानात धावतात. नॉब उघडला की आत एक वॉशर असतो, त्याला बाहेरून तीन दात आणि आतून दोन. तो साफसफाईत उलटा बसला की हा प्रकार होतो. अर्धा वळवून परत बसवा. खर्च शून्य.

टाक्याबद्दल एवढंच सांगते, कारण ओळखीतल्या सगळ्याजणी इथेच चुकतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावू नका, दोष वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबणारं फूट वर उचलूनच दोरा ओवा, कारण फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. चकत्यांच्या मध्ये मलमलची तेलकट नसलेली चिंधी ओढून बघा. आमच्या मशीनमधून त्या चिंधीबरोबर गुलाबी दोऱ्याचा कडक झालेला कण निघाला, बाजरीच्या दाण्याएवढा, आणि टाका तिथल्या तिथे सुधारला. सुईची सपाट बाजू डावीकडे, दोरा उजवीकडून डावीकडे. सुया कुठल्याही कंपनीच्या, 15 बाय 1 म्हणून मिळतात त्या. साडीच्या फॉलला 11 नंबर, सुतीला 14, जाड कापडाला 16.

मोटर बसवा असं सगळे सांगतात. मी बसवणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, आणि पुरात शेजारच्यांच्या नव्या मशीनची मोटर आणि आतली इलेक्ट्रॉनिक पाटी दोन्ही गेली. आमच्या स्टँडला फक्त गंज चढला, आणि तो घासून निघाला.

उणिवाही आहेत. या मशीनला उलट टीप नाही, शेवटी कापड फिरवून टाका पक्का करावा लागतो. बॉबिन भरणाऱ्या छोट्या चाकाची रबरी रिंग कडक होऊन घसरते, ती वर्षाला एकदा बदलावी लागेल असं दिसतंय. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच घ्यावं, सासूबाईंनी त्याच कारणानं सोडलं.

जुनं विकत घेणार असाल तर लुधियानाचे सुटे भाग मिळतात, आणि उषाच्या काळ्या मशीनचे बॉबिन, बॉबिन केस, रबरी रिंग यालाही बसतात, त्यामुळे त्यांची काळजी नको. सरकती प्लेट मात्र जागेवर आहे का ते आधी बघा. ती हरवलेली असेल तर दुसऱ्या मशीनची नीट बसेलच असं नाही, कडेला फट राहते आणि कापड त्यात अडकतं. विकणारा म्हणतो आणून देतो, पण आणून देत नाही. तेवढे पैसे कमी करून घ्या, किंवा सोडून द्या.